तिघांचा भात

३ जून
मुलीच्या मानेवर मागे काळपट पट्टा दिसायला लागला, तेव्हा वाटलं, आंघोळ नीट होत नाही. तिची आई गेल्यापासून हे खातं माझ्याकडे. रोज खरखरीत स्पंजने घासून काढायचो. ओरडायची, बाबा, मी काय कढई आहे का? आज डॉक्टरबाई म्हणाल्या, अहो, तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून कातडी तशी होते. वजन आत्ताच आवरलं नाही तर पुढे मधुमेह. वय अकरा.
घाबरण्यासारखं काही नाही. दवाखान्याचा काटा जास्त दाखवत असणार.

५ जून
वजनकाटे तपासणं हीच माझी नोकरी. ऑफिसातली प्रमाण वजनं घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, पण तपासू दिलं. काटा बरोबर निघाला. फरशीला उतार असेल म्हणून लेव्हल लावून पाहिली. फरशीही सरळ.
उद्यापासून शिस्त.

८ जून, दुपारी
भरपूर वाचलं. विषय आता हातात आला आहे. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं हार्मोन ‘दे, दे’ करतं. चरबीतून येणारं लेप्टिन ‘पुरे’ म्हणतं. पण चरबी फार वाढली की मेंदूला ते ‘पुरे’ ऐकूच येईनासं होतं. म्हणजे पोरगी हावरट नाही. तिला हे समजावलं, तर म्हणाली, मग शाळेत येऊन सांग ना, तिथे मला रणगाडा म्हणतात.
जाणार आहे. या आठवड्यात काम फार आहे.
घरात बिस्किटं ठेवायची नाहीत असं ठरवलं. होती ती मी संपवली.

११ जून
ताईचा फोन. तिला सगळी हार्मोन्स सांगितली. ऐकून म्हणाली, शहाणाच आहेस. ते राहू दे, तू भात किती जणांचा लावतोस?
दाराशी कोणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. कोणी आलं नव्हतं.
स्वयंपाक मला बायकोने शिकवला, शेवटच्या आजारपणात, पलंगावर पडल्या पडल्या. मी पातेलं नेऊन दाखवायचो, ती मान हलवायची. ते माप तिघांचं. ऑफिसात मिलिग्रॅमचा फरक पकडतो, पण तांदळातली एक मूठ कमी करायला हात धजत नाही. उरलेलं टाकवतही नाही.
उद्यापासून दोघांपुरता.

१२ जून
तिघांचाच झाला. सोमवारपासून नक्की.

१७ जून
फेरतपासणी. वजन आणखी वाढलं. काट्याबद्दल बोलायला जागा नाही.
डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, दुसऱ्यांदा वाढून घेतेस, तेव्हा भूक असते का गं? ती म्हणाली, कधी असते, कधी नसते. नसते तेव्हा का खातेस मग? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, भात उरला ना, की बाबा उठतच नाही. पातेल्याकडे बघत बसतो. मग मी संपवून टाकते.
डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. मी पुढची तारीख विचारली.

१८ जून, रात्री जेवणानंतर
जमलं. दोघांपुरता भात. मोजून. पोरगी जेवली, हात धुतले, अभ्यासाला बसली. पातेलं रिकामं. म्हणजे आता अडचण काहीच उरली नाही. फक्त उठायचं.
एकदा दारातून डोकावून गेली. परत डोकावली. तिसऱ्यांदा आली ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, बाबा, आणखी थोडा भात लावू का? मला भूक आहे.
खोटं होतं, कळलं.
मी हो म्हणालो.