मी दुरुस्त केलेला उजवा पाय

प्रिय भिंगरी,

रोज संध्याकाळी तुझ्या पलंगाशेजारी येऊन बसणाऱ्या माणसाने पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. पण समोर बसलो की तू म्हणतेस, उशी सरकव, खिडकी लाव, आणि मला इतकं बरं वाटतं की बोलायचं राहून जातं. शिवाय माझं तुला माहीतच आहे, राग नाकाच्या शेंड्यावर. अर्धं बोलून होईस्तोवर आवाज चढतो आणि मुद्दा राहतो बाजूला. कॉलेजही तसंच सुटलं. सरांनी माझ्या प्रकल्पाला 'खेळणं' म्हटलं, मी फाइल टेबलावर आपटली आणि तिसऱ्या वर्षातून थेट बसस्टॉपवर येऊन उभा राहिलो. लिहिताना निदान कुणावर ओरडता येत नाही.

शुक्रवारी तुमच्या नृत्यपथकाची बैठक आहे. नाचात तुला झेलणाऱ्या उंच्याला कायमचं काढायचं की ठेवायचं हे तुझ्या शब्दावर ठरणार, हे काल तूच सांगितलंस. त्याचे हात उशिरा आले म्हणून मी पडले, असं तू तिथे सांगणार आहेस. त्याआधी हे वाच.

सुरुवात आमच्या कॉम्प्युटर गेमपासून करतो. छपरांवरून उड्या मारत चिठ्ठ्या पोचवणारी मुलगी आम्हाला हवी होती. एकेक चित्र हाताने हलवत तिला पळवायचं तर गणित्या आणि मी म्हातारे झालो असतो, म्हणून खऱ्या माणसाची, म्हणजे तुझी, हालचाल टिपून तिला द्यायची असं ठरलं. पण टिपायची कशाने? चहूबाजूंनी कॅमेरे लावलेला स्टुडिओ स्वप्नातही परवडणारा नव्हता. अंगभर सेन्सर लावलेला सूट दिवसाच्या भाड्याने मिळायचा, पण तुमच्या तालमीच्या हॉलला लोखंडी खांब, आणि लोखंडाजवळ त्या सेन्सरना दिशाच कळत नाही, असं भाड्याने देणाऱ्यानेच सांगितलं. राहिले आमचे दोन जुने फोन. दोन कोपऱ्यांत ते स्टँडवर लावायचे आणि दोन्हींतलं चित्रण पाहून माणसाचे सांधे ओळखणारं एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर वापरायचं. त्यासाठी मी गणित्याशी तीन दिवस भांडलो. खरं सांगू? सूट दुसऱ्या एखाद्या खोलीत नेला असता तर एका दिवसात काम उरकलं असतं. फोन होते म्हणून मला रोज तुमच्या हॉलमध्ये येता आलं. गणित्याच्या ते लगेच ध्यानात आलं. म्हणाला, "तू कॅमेरा नाही शोधत, तू निमित्त शोधतोयस."

स्वस्तातलं सॉफ्टवेअर चुकतंच. एक पाय दुसऱ्यामागे लपला की ते अंदाज बांधतं. मग हात कमरेतून आरपार जातो, पाय बर्फावर असल्यासारखे घसरतात. हा सगळा कचरा साफ करणं माझं काम. तुझ्या चाळीस उड्या टिपल्या होत्या. त्यातल्या एकतीस उड्यांत, खाली उतरताना, तुझा उजवा गुडघा आत वळत होता. डावा एकदाही नाही. गणित्या म्हणाला, "अरे, मशीनची चूक असती तर कधी या पायाला झाली असती, कधी त्या. ही एकाच पायाला कशी चिकटून बसलीय? विचार की तिला." मी उसळलो. म्हटलं, तिच्या नाचातल्या चुका काढणारा तू कोण टिकोजीराव? स्वस्तात घेतलंय, स्वस्तासारखंच वागणार. आणि मी तुझा डावा पाय उलटा करून उजव्याच्या जागी बसवला. पडद्यावर काय सुंदर उतरलीस तू!

त्याच आठवड्यात जिना उतरताना तू कठडा धरलास. गुडघा जरा ओढतोय म्हणालीस, आणि विचारलंस, तुझ्या त्या फोनांत माझं काही चुकताना दिसतं का रे? मी म्हटलं, तुझं काही चुकूच शकत नाही. त्या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश होतो की घरापर्यंत शीळ घालत गेलो.

एकोणीस दिवसांनी तू रंगमंचावर पडलीस. दवाखान्याच्या बोळात मी उंच्याची कॉलर धरली, ते तुला नंतर कळलं. त्याने मला साधं ढकललंही नाही. एवढंच म्हणाला, "असेल. माझेच हात चुकले असतील." काकू मध्ये पडल्या नसत्या तर मी त्याला मारलंच असतं.

गेल्या आठवड्यात आम्ही अखेर तो सूट एका दिवसासाठी आणला. मी तो घालून आमच्या खोलीत उड्या मारल्या आणि समोर तेच दोन फोन लावले. सूट काय सांगतो आणि फोन काय सांगतात, ते ताडून बघायचं होतं. दोन्ही जवळजवळ सारखं सांगत होते. जे काही चुकलं ते कधी या पायाचं, कधी त्या. माझा गुडघा कुठे आत वळला नाही. म्हणजे फोन खोटं बोलले नव्हते. तुझा गुडघा पडण्याआधी तीन आठवडे ओरडून सांगत होता, आणि मी ते चूक समजून पुसून टाकलं.

इथवर लिहून मी दोनदा कागद फाडला. कारण इथे थांबलो तर मी नुसता मूर्ख ठरतो, आणि मूर्ख ठरणं फार सोयीचं आहे. खरं म्हणजे त्या सुटाची मला गरजच नव्हती. तू पडलीस त्या प्रयोगाच्या दिवशीही मी नाट्यगृहाच्या बाल्कनीच्या कठड्याला दोन्ही फोन बांधले होते, आठवतं? तू दवाखान्यात विचारलंस, चित्रण आहे का. मी म्हटलं, फोन बंद पडले होते. पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढ्यात ठेवून मी ते अकरा वेळा बघितलं. झेप घेतानाच तुझा उजवा गुडघा आत जातो. उडी वीतभर कमी पडते. उंच्याचे हात वेळेवर वर आलेले आहेत. तू पोचत नाहीस हे त्याला दिसतं, तो एक पाऊल पुढे झेपावतो आणि तुझं डोकं फळ्यांवर आपटण्याआधी आपला हात खाली घालतो. त्याच्या मनगटाला पट्टी होती. कॉलर धरताना मला ती दिसली होती.

का लपवलं, तेही सांगतो. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणालीस, त्याच्याबरोबर पुन्हा कधीच नाही. चार वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते हे. मग मी तोंडाला कुलूप लावलं. गेले पाच आठवडे तो बसला असता त्या खुर्चीवर मी बसतोय.

आज सकाळी मी उंच्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात गेलो. तो हत्यारं ठेवून उभ्याउभ्याच ते चित्रण बघत होता, मी मार खायच्या तयारीने बाजूला उभा. त्याने हातही उचलला नाही, शिवीही दिली नाही. विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंस का? गुडघा अजून तसाच वळत असेल तर ती उभी राहिली की पुन्हा पडेल." पाच आठवडे रोज तुझ्या उशाशी बसून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याला पहिल्या मिनिटाला सुचलं. म्हणून हे पत्र. सोबतच्या मेमरी कार्डवर तुझ्या चाळीसही उड्या आहेत, मी हात लावायच्या आधीच्या, आणि प्रयोगाचं चित्रण. सोमवारी तुला चालायला लावणार आहेत, त्याआधी ते डॉक्टरांना दाखव. पाकीट काकूंच्या हाती देतोय, त्यांनाही सगळं सांगून. तू बोलावल्याशिवाय येणार नाही. शुक्रवारी काय बोलायचं, ते तुझं तू ठरव. फक्त बोलण्याआधी चित्रणातली शेवटची सात सेकंदं बघ, आणि बघताना त्याच्या हातांकडे बघ.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगार,
काडेपेटी