आईच्या पाठीवरचा लेख

४ मार्च
दादा गोदामातून ओरडतच आला. जाहिराती बंद! "दुसऱ्यांच्या साइटनी आपणहून आपली लिंक द्यायला हवी. तरच गुगलवर वर येऊ. लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी लिही." रुग्णांच्या सामानाचं ऑनलाइन दुकान त्याचं, लिहिणारी मी घरची, फुकटची! मला उपयोगाचं एकच येतं — अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं. तेच लिहीन.

७ मार्च
लेख झाला. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा अधांतरी राहतील अशी उशी द्या. चादरीला चुणी नको. आईने पलंगावरून विचारलं, "काय खरडतेस?" तुझी पाठ, म्हटलं. "माझ्या पाठीचं कुणाला काय पडलंय!"

१९ मार्च
पडलंय! नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी त्यांच्या साइटवर लेखाची लिंक दिली — मुलींनी वाचावा म्हणून. मागोमाग दोन दवाखान्यांनीही. दादाचे पाय जमिनीवर नाहीत. संधी साधून म्हटलं, आईला एक हवेची गादी दे ना. भिंतीपलीकडे गोदामात थप्पी लागलीय.
"विकायचा माल आहे तो. आणि आई बरी झाली तर तू लिहिणार कशावर?"
वहिनी खो खो हसली. आईसुद्धा हसली. लेकाचा विनोद ना!

२ एप्रिल
दादाला रोज नवा लेख हवा. सकाळपासून टायपत होते — 'पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून'. उठले तर वास. आईच्या कमरेखालची कातडी गेलेली. लिहिण्याच्या नादात तिला वळवायचंच राहत होतं. एकदा नाही, कितीदा तरी. मेले मी!
पाणी गरम करून आणेपर्यंत दादा फोटो काढून मोकळा. "असा खरा फोटो कुणाकडे नाही."

९ एप्रिल
फोटोखाली माझ्या नावाने त्याची ओळ — 'आमच्या गादीवर आईची जखम पूर्ण भरली.' लिंकांची रीघ लागलीय. जखम रोज खोल जातेय.

१५ एप्रिल
कॉलेजच्या बाईंचा फोन. मुलींना बऱ्या झालेल्या आईंची पाठ दाखवायचीय, येऊ का? दादा समोरून खुणा करतोय — गावाला गेलीय म्हण! मी म्हटलं, "या. जरूर या." त्याचा चेहरा बघितला. फार बरं वाटलं.

१७ एप्रिल
आल्या. मी आईला कुशीवर वळवलं, चादर बाजूला ओढली. एका मुलीने रुमाल नाकाला लावला. दुसरी बाहेरच पळाली.
"गादी कुठंय?" बाई म्हणाल्या.
मी भिंतीकडे बोट दाखवलं.
"हिच्याच हयगयीमुळे झालंय हे," दादा म्हणाला.
त्यात खोटं काय होतं! बाईंनी आम्हा दोघांकडे एकाच नजरेने पाहिलं. डॉक्टर पाठवते म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी त्यांची लिंक गायब. दवाखान्यांनाही कळवलं त्यांनी. त्यांच्याही लिंका गेल्या. आता दुकान आपटणार. जिरली दादाची!

१८ एप्रिल
पाणी घेऊन आईजवळ गेले. तिने तोंड फिरवलं. "फोटोला त्याने मला विचारलं होतं. मीच म्हटलं, काढ. तू चारचौघांत उघडं केलंस मला. न विचारता. हात लावू नकोस."