छपरावर कोणी का चढावं

गुरुजी, चौथीपुढे मी शिकलो नाही, त्यामुळे लिहिताना अजून धाकधूक होते. तुम्ही असता तर तांबड्या शाईनं वही भरून टाकली असती.

वाऱ्यानं शाळेचं छप्पर उडालं तेव्हा आमच्या पाड्यानं लाह केली होती. तुम्ही शहाद्याकडचे, तुम्हाला हे नवं. तुम्ही मजुरी किती म्हणून विचारलंत आणि सगळे हसले. लाहेत मजुरी नसते. घरोघर जाऊन बोलवायचं, लोक दिवसभर राबतात, संध्याकाळी त्यांना जेवू घालायचं, बस. तुम्ही केलेली डाळ करपली होती, तरी सगळ्यांनी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभा आहे आणि तुम्ही विचारताय, "मी तुमना कुळना नही, तुमना देवना नही. मंग तुन्हा बाप कसाले उना?" मी म्हणालो, बाप आला कारण उद्या आमचं घर पडलं तर तुम्ही याल. "आनि मन्ही बदली व्हयनी तर?" पोरं हसली. मी पाटी पुसू लागलो. तुम्ही रागावून मला खाली बसवलंत.

यंदा माझं छप्पर खचलं. गुडघा धरत धरत मी सगळ्या घरी बोलावून आलो. निम्म्या घरांना कुलूप, माणसं गुजरातेत ऊसतोडीला. उरलेले "बघू" म्हणाले. तरी बायकोनं मोठ्या पातेल्यात डाळ शिजवली. आला तो एकटा माझ्याच वयाचा शेजारी. पातेल्याकडे बघून म्हणाला, "दादा, एवढं मी एकट्यानं खाल्लं, तर वर चढणार कोण?" आम्ही दोघं जेवलो आणि खचलेल्या लाकडांकडे बघत बसलो. मुलगा नवापूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, कशाला लोकांच्या दारी जातोस? पत्रे पाठवतो, बसवणाराही येईल." आला. तो माणूस दुपारपर्यंत काम उरकून, पाणीसुद्धा न पिता गेला. घर आता गळत नाही. पण मला झोप लागत नाही. लोक कशासाठी यायचे, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. आता तर विचारायलाही कोणी नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? आणि मला सांगायचं होतं ते वेगळंच आहे. काल खालच्या पाड्यातला एक जण दारात आला. त्याची भिंत पडली आहे. "दादा, उद्या लाह आहे, ये." तो माझ्या वेळी ऊसतोडीला गेला होता. मी म्हणालो, गुडघा दुखतो. गुडघा खरंच दुखतो, गुरुजी. पण तो बोलत होता तेव्हा मी गुडघ्याचा विचार करत नव्हतो. हा माझ्याकडे आला होता का, एवढंच मी आठवत होतो.