शंभराला सात

४ मार्च, मंगळवार
ठरलं! घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं. शिवणाचे साठवलेले चौदा लाख आहेत. सुईत दोरा ओवायला आता यांना हाक मारावी लागते, आणि हे दोरा ओवण्याआधी भाषण देतात. भाडं घरी आलं की मशीन बंद.

हे म्हणाले, "बँकेत ठेव गपचूप. शंभराला सात मिळतात." ठीक. मग घराने सातच्या वर दिलं पाहिजे. नाही दिलं तर नको.

नणंद म्हणाली, "वहिनी, स्वतः भाड्याच्या खोल्यांत राहता आणि मालकीण व्हायला निघालात?" निघाले. तुझं काय जातं?

६ मार्च, गुरुवार
एजंटाने चौदा लाखांचं घर दाखवलं. लिफ्ट, चकचकीत फरशी. भाडं सात हजार. "वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार, ताई! शंभराला सहा."

घरी येऊन कापडावर खुणा करायच्या खडूने पुठ्ठ्यावर मांडलं. एक महिना घर रिकामं राहणारच — अकरा महिने धरले. सत्त्याहत्तर हजार. त्यातून इमारतीचा खर्च महिना दीड हजार, म्हणजे अठरा गेले. कर, रंग, गळका नळ — दहा गेले. उरले एकोणपन्नास. शंभराला साडेतीन! लिफ्ट काय चाटायची आहे?

पण गंमत आली. चौथीत शाळा सुटली, पाढे सुटले नाहीत. लाखाला सात हजार हवेत, बस्स. आता वाटेतलं प्रत्येक घर बघते आणि मनात वजाबाकी चालू. आज एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही उलटी लावली.

१० मार्च, सोमवार
सापडलं! बाजारामागची खोली. बारा लाख, भाडं साडेनऊ हजार. सगळं वजा करून ब्याण्णव हजार उरतात. हवेत फक्त चौऱ्याऐंशी. हातातली कामं टाकून उद्या बघायला जाते. झोप कुठली येतेय!

११ मार्च, मंगळवार
भिंतीला हात लावला तर इस्त्रीसारखी गरम. खाली पावाची भट्टी. भट्टीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, वर कुणी टिकत नाही. वर्षात चार महिने कुलूपच असतं." म्हणजे आठ महिन्यांचं भाडं. खर्च जाऊन साडेत्रेसष्ट हजार. सव्वापाच.

एजंटाला फोनवर झाडलं. "ताई, थंडीत बरं पडतं," म्हणे. मेल्या, तूच राहा.

१४ मार्च, शुक्रवार
एजंटाचा फोन. दोन खोल्या, चौदा लाख. मालकाला घाई आहे, दुसरीकडे बोलला नाही. पाणी चांगलं, वस्ती शांत. "अडचण एकच. आत जुनी भाडेकरू आहे. भाडं किरकोळ देते, वाढवायचं म्हटलं की भांडते."

"काढली तर?"

"साडेदहा कुठेच जात नाहीत."

मांडलं. अकरा महिने, खर्च साडेचौदा, उरले एक लाख एक हजार. हवेत अठ्ठ्याण्णव. बसलं! एकदाचं हिशेबात बसलं!

हे म्हणाले, "त्या बाईचं काय? जाईल कुठे?" मी म्हटलं, मी काय धर्मशाळा काढतेय? इतकी वर्षं फुकटासारखी राहिली, आता शोधेल दुसरं. दोन महिन्यांची मुदत देऊ. भांडली तर मलाही भांडता येतं. एजंटाला सांगितलं, बाईला काढायचं पक्कं, उद्या पत्ता दे.

१५ मार्च, शनिवार
एजंटाने पत्ता दिला. आमचाच.

दुपारी मालकाकडे जाऊन विसार दिला. भाडं शून्य. मशीन चालू.