माणूस कामावर आहे

डोंबिवली पश्चिम,
रविवार, १२ एप्रिल

प्रिय कलाताई, नमस्कार.

गीझरचं बटण पुन्हा बघून आले. बंद आहे. आतल्या खोलीतला पंखाही बंद आहे. आता बसते.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. कानातलं नवं मशीन शिट्टी वाजवतं म्हणून तू ते डब्यात ठेवून दिलंस, हे वाचून हसू आलं. ठेवलंस ते बरंच झालं. आजचं सगळं मला फोनवर ओरडून सांगता आलं नसतं. इथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

उन्हाळा कडक आहे. तू देवरुखहून पाठवलेली आमसुलं पुरवून वापरते आहे.

गेल्या रविवारी सुदेश आणि शिवानी ठाण्याहून आले होते. आमचं विजेचं बिल सुदेशच्या मोबाइलवर जातं. चपला काढता काढताच म्हणाला, "आई, दोन माणसांच्या घरात एवढी वीज जाते कुठे?"

शिवानी म्हणाली, "तू बस. मी बघते." आणि ती घरभर फिरली. तपासायला आल्यासारखी नाही, काही हरवलेलं शोधल्यासारखी.

गीझरचा लाल दिवा लागलेला होता. आतल्या खोलीत कुणी नव्हतं आणि पंखा फिरत होता. टीव्हीचा आवाज बंद, चित्र चालू. फ्रिजचं दार नीट लागलेलं नव्हतं आणि आत वरणाचं गरम पातेलं.

"आई, गरम पातेलं फ्रिजमध्ये?"

"राहिलं माझ्याकडून."

"आणि गीझर? आंघोळी तर कधीच्या झाल्या."

"तोही मीच."

"पंखा कुणाला वारा घालतोय?"

"भिंतींना," मी म्हटलं. ती हसली. हे खुर्चीत पेपर धरून बसले होते. तेही हसले.

सून म्हणून सांगत नाही, शिवानी मनानं चांगली आहे. सांगते, पण टोचत नाही. गीझर आंघोळीच्या थोडा आधी लावायचा, पाणी तापलं की बंद करायचा आणि मगच बादली भरायची. डाळ भिजवून मग कुकरला लावायची. भाजीवर झाकण. वॉशिंग मशीन अर्धं भरून चालवायचं नाही. टीव्ही रिमोटनं नाही, भिंतीवरच्या बटणानं बंद करायचा. पश्चिमेच्या खिडकीला दुपारी जाड पडदा, म्हणजे खोली तापतच नाही. तिनं आणि सुदेशनं फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. मागून निघालेली धूळ मी तुला सांगणार नाही.

हे सगळं मी केलं. मला जमलं. झाकण ठेवायचं तर आईनंच शिकवलं होतं, मधे कधीतरी माझं सुटलं होतं. पडद्यानं खरंच फरक पडला.

पण गीझर चालूच सापडायचा. मी बंद करून भाजी चिरायला बसायची आणि उठून बघावं तर लाल दिवा. बुधवारी इस्त्री चालू राहिली. टेबलावरच्या चादरीला तपकिरी डाग पडला. नेमका तेव्हा शिवानीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिला तो दिसला. मी म्हटलं, माझंच लक्ष नव्हतं.

रात्री सुदेशचा फोन. अगदी हळू बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "आई, सोमवारी ठाण्याला एका डॉक्टरांकडे वेळ घेतलीये. तुझ्यासाठी. फक्त दाखवून येऊ. या वयात होतं असं. तू घाबरू नकोस."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ताई, मागच्या दोन्ही पत्रांत तू विचारलंस, सखारामराव बरे ना? मी तुला आमसुलांबद्दल लिहिलं.

ते बरे नाहीत.

पाऊस संपल्यावर सुरू झालं असावं. दार उघडून फ्रिजसमोर उभे राहतात. काय घ्यायला आलो ते आठवत नाही, मग दार तसंच टाकून जातात. आंघोळ झालेली असते तरी आंघोळीसाठी गीझर लावतात. टीव्हीवरचं कळेनासं झालं की आवाज बंद करतात, चित्र राहू देतात. आणि हा तो माणूस, जो सुदेश लहान असताना त्याच्या मागे मागे फिरून दिवे मालवायचा. "खोली सोडली की बटण बंद," दिवसातून कितीदा ऐकायचो आम्ही. एमआयडीसीतल्या कारखान्यात सगळी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. बिल्डिंगमध्ये अजूनही कुणाचा दिवा गेला की "काका आहेत का?" म्हणून बेल वाजते. हल्ली मी सांगते, झोपलेत. त्यांचा टेस्टर मी पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे.

मुलांना का नाही सांगितलं, असं तू विचारशील. खालच्या मजल्यावरच्या सहदेवकाकांना त्यांच्या मुलानं बदलापूरकडच्या एका केंद्रात ठेवलं. सुदेश त्यांना भेटून आला आणि जेवताना म्हणाला, "सोय चांगली आहे हं तिथे." सहज म्हणाला. हे शेजारीच आमटी-भात कालवत होते. त्यानंतर माझ्या तोंडून काही निघेना. वाटलं, विसरभोळी बाई कुणी कुठे ठेवत नाही. तिला हसतात आणि सांभाळून घेतात.

आज दुपारी शिवानी एकटीच आली. बटणांवर चिकटवायला तिनं रंगीत स्टिकर आणले होते आणि आतल्या खोलीसाठी कमी वीज खाणारी नवी ट्यूब. स्टिकर बघून हे हसले.

"चिकटपट्टीनं कोण थांबतं? टॅग पाहिजे."

"म्हणजे काय बाबा?"

ह्यांनी माळ्यावरची हत्यारांची पिशवी काढायला लावली. तिच्यातून कारखान्यातलं एक जुनं लाल कार्ड निघालं, भोकात सुतळी ओवलेलं. त्यावर छापलेलं आहे: माणूस कामावर आहे. बटण लावू नये. खाली नाव लिहायला जागा.

"मशीन दुरुस्त करायचं तर आधी मेन बंद. मेनला हे अडकवायचं, स्वतःच्या नावानं. मग खुद्द मालक आला तरी ते काढायचं नाही. ज्याचं नाव, त्यानंच काढायचं."

"आणि तो घरी गेला तर?"

"तर त्याला घरून आणायचा," हे म्हणाले. शिवानीला मजा वाटली. मलाही. ताई, किती दिवसांनी हे असे बोलत होते. वाक्य सुरू करून शेवटापर्यंत जात होते. म्हणून, "ट्यूब मीच लावतो," म्हणाले तेव्हा मी अडवलं नाही. शिवानीनं स्टूल धरलं. ह्यांनी स्वतः मेन बंद केला, कार्डावर पेननं नाव लिहिलं आणि ते अडकवलं. ट्यूब सरळ बसली.

मग हात धुऊन खुर्चीत बसले आणि पेपर उचलला.

घर तापायला लागलं. शिवानी म्हणाली, "बाबा, मेन लावू ना?" आणि तिकडे निघाली.

हे ताडकन उठले. "हात लावू नको. नाव वाचता येत नाही?"

"बाबा, काम झालं ना पण."

"ते तू कोण ठरवणार? कारखान्यात महिपतचा टॅग असाच काढला होता एकानं. हात गेला त्याचा. आधी त्याला बोलव."

"कुणाला?"

ह्यांनी कार्ड वाचलं. "सखारामला. आत कुठेतरी काम करत असेल तो."

शिवानीनं माझ्याकडे पाहिलं. हे मेनसमोर हात आडवा धरून उभे होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते पुसत नव्हते. कुणातरी माणसाचा जीव त्यांच्या हातात होता. मी काही बोलले नसते तर ते तसेच उभे राहिले असते.

तुला ठाऊक आहे, ह्यांचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलेलं नाही. बँकेतसुद्धा कागद पुढे करते.

मी जवळ गेले. म्हटलं, "सखाराम तुम्हीच. आत कुणी नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कार्डाकडे. मग स्वतःच्या बोटांवरच्या शाईकडे.

"मी?"

"हो."

"मग मलाच काढायला पाहिजे," म्हणाले. सुतळी सोडवली, मेन लावला. पंखा फिरायला लागला. खुर्चीत बसून बराच वेळ पंख्याकडे बघत होते. नंतर म्हणाले, "नीला, मला कळतंय गं थोडं थोडं."

मी चहा टाकायला आत गेले. शिवानी मागे आली.

"गीझर तुम्ही नव्हता ठेवत."

"नाही."

"इस्त्री?"

"नाही."

"आणि उद्या त्या डॉक्टरांसमोर काय करणार होतात?"

"विचारतील त्याची उत्तरं चुकवणार होते थोडी."

ती हसली आणि तशीच रडायला लागली. चहा उतू गेला. गॅस तिनंच बंद केला. मग म्हणाली, "ह्यात बाबांना लवकर दाखवायचं राहून जातंय, आई. तुमचं कळलं मला. पण त्यांचे दिवस जाताहेत."

याचा मी विचार केला नव्हता. मी त्यांना घरात ठेवत होते, एवढंच मला दिसत होतं.

"सुदेशला मी सांगू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मी सांगते. उद्या तो गाडी घेऊन येणार आहे. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. बदलापूरचं नाव निघालं तर काय बोलायचं, हे मी ठरवलं आहे. पण आयत्या वेळी तोंडून निघेल की नाही, सांगता येत नाही.

शिवानी संध्याकाळी गेली. हे आता झोपले आहेत. आतली नवी ट्यूब छान लागते आहे. ती मालवते आणि थांबते.

तू मोठी आहेस, म्हणून तुला आधी सांगितलं.

तुझी
नीला

सोमवार, सकाळ. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. सुदेश आला तेव्हा मी खाली उतरून त्याला जिन्यातच सांगितलं. तो पायरीवर बसला. म्हणाला, "दाखवून झालं की दोघांना परत इथेच आणून सोडतो. पुढचं इथे बसून बोलू." वर येऊन त्यानं ह्यांच्या सँडलचे पट्टे लावले. आम्ही तिघं निघतो आहोत.