खोली नंबर सातमधले गुरुजी

३ मार्च
प्रभारी मुख्याध्यापक झाल्यावर आज पहिल्यांदा शाळा नीट फिरून पाहिली. इमारत म्हातारी, पण कणखर. माझ्यासारखीच. वरच्या मजल्यावर चौथीचा वर्ग, डोक्यावर पत्रा. खिडक्या कधीतरी रंग देताना चिकटल्या त्या चिकटल्याच. पंखा फिरतो, वारा येत नाही. संकल्प : महिन्याभरात चौथीची हवेची सोय करणे.
तळमजल्यावरची खोली नंबर सात मात्र झकास. दोन्ही बाजूंना खिडक्या, मागे जांभळाचं झाड. सध्या आत मोडके बाक टाकलेत. चौथीला इथे आणता येईल. पण आधी हवेचा नीट अभ्यास व्हायला हवा.

४ मार्च, संध्याकाळी
अभ्यास केला. दोन बाक जोडून, आडवं होऊन केला. मधल्या सुट्टीनंतर सुरू केला तो शाळा सुटल्याच्या घंटेने संपला. हवा उत्तम.

११ मार्च
अभ्यास रोज चालू. आज चौथीची पोरं दाराशी जमली होती म्हणे. आतून घुर्रघुर्र येतंय, कोण आहे, असं त्यातली रुचिरा विचारत होती. आमच्या शिपाई मालनबाईंनी सांगितलं. मुख्याध्यापकाची इज्जत ती शाळेची इज्जत. म्हणून पोरांना सांगितलं, एक जुने गुरुजी या खोलीतच वारले, अजून दुपारी तिथे निजतात, आत गेलात तर एकोणतीसचा पाढा विचारतील. सगळी धूम पळाली. थोडी कल्पनाशक्ती वापरली, इतकंच.

२४ मार्च
उकाडा भयंकर. चौथीच्या हेमांगी टीचर म्हणाल्या, "सर, वर पोरं भाजतायत ओ. सात नंबर द्या ना." म्हटलं, विचार चालू आहे. तिथली हवा मुलांना मानवेल की नाही हे अजून ठरायचंय. घाई नको.

२ एप्रिल
वाईट झालं. रुचिरा वर्गात चक्कर येऊन पडली. मालनबाईंनी उचलून खाली आणली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. तोंडावर पाणी मारलं. खूप भ्यायलो. शुद्धीवर आल्यावर तिला सात नंबरच्या गारव्यात न्यायला लागलो, तर दारातच किंचाळली. "नको सर, तिथे गुरुजी आहेत!"
दुपारी झोप लागली नाही. उकाड्याने असेल.

३ एप्रिल
चौथीला खाली हलवायचा आदेश काढला. एकही पोर उंबरठा ओलांडेना. भूत नसतंच, यावर जोरदार भाषण ठोकलं. मागून एकाने विचारलं, मग सर, घोरतं कोण? उत्तर माहीत होतं. घंटा द्यायला सांगितली. वर्ग परत पत्र्याखाली.

४ एप्रिल
आत काही नाही हे दाखवायला एकटा जाऊन बसलो. टक्क जागा. माझे जोडलेले बाक कोणीतरी वेगळे केलेत. मालनबाई म्हणतात, "मी नाय बाबा पाय ठेवत तिथे." मग कोणी केले? पाठीमागे कोणीतरी लांब श्वास सोडला. जांभळाची फांदी असणार. मी धावत बाहेर आलो असं मालनबाईंचं म्हणणं. मी भरभर चालत होतो.

७ एप्रिल
रुचिराचे आजोबा गुणाजी आले. भटवाडीत राहतात, मूळचे मालवणकडचे. भांडायला आले असं वाटून आधीच चहा मागवला. पण त्यांच्या हातात नारळ आणि विडीचं बंडल. म्हणाले, जागेवाल्याचो मान दिल्याबगर पोरां बसतली कशी? जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार. शाळेत अंधश्रद्धा चालणार नाही असं ठणकावणार होतो. पण मग घोरतं कोण, ते सांगावं लागलं असतं. चहाचा कप पुढे सरकवला.
त्यांनी सात नंबरच्या दारात गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, जो कोण तू हयसर दुपारचो निजतंस, तुका आजपासून वरची पत्र्याची खोली दिली. थंयसर ऱ्हव. पोरांका हयसर गारव्यात शिकूक दी. परत हय पाय ठेवू नको रे म्हाराजा!"
पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" माझ्याही तोंडून निघून गेलं.
पोरं सुसाट आत घुसली. रुचिराने खिडकीजवळची जागा पकडली. महिन्याभरात सोय करणार म्हटलं होतं. जेमतेम चार दिवस उशीर.

८ एप्रिल
वरची खोली आता रिकामी. ऑफिसात सारखी माणसं येतात, तेव्हा यापुढे अभ्यास वरच. गाऱ्हाण्याचा याच्याशी संबंध नाही. दुपारी एकदा सहज सात नंबरकडे गेलो होतो. उंबरठ्यापाशी पाय उचलेना. संधिवात.

१५ एप्रिल, दुपारी
दार लावून वर बसलोय. पत्रा तडतडतोय. झोप नाही, नुसत्या घामाच्या धारा. पोरं इथे दिवसभर कशी बसत होती?
आत्ता जिन्यात हलकी पावलं वाजली. दाराबाहेर काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग रुचिरा, अगदी हळू : "गुरुजी, पाणी ठेवलंय. इथे लय गरम होतं, मला चक्कर आलेली. पाढा नका विचारू हां."
खोकला आला होता, दाबून धरला. दार उघडलं असतं तर पोर भीतीने जागीच गेली असती. ती खाली उतरेपर्यंत श्वास रोखून बसलो.
मग दार उघडलं. बाटली उचलून घटाघटा सगळं पाणी प्यायलो आणि होती तिथेच परत ठेवली.
खालून पोरांचा पाढा ऐकू येतोय. शाळा सुटेपर्यंत काही मी खाली जात नाही.