त्याच्या नावावरचे दोन गोल

सर, आज तुमच्या स्मरणार्थ भरवलेल्या स्पर्धेची फायनल होती आणि मी ती बघायला गेलो होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "पप्पा, चला ना, फुकटात चांगली मॅच बघायला मिळेल," म्हणून मी स्कूटर काढली. इंदिरानगरहून निघताना स्पर्धा तुमच्या नावाची आहे हे मला ठाऊकही नव्हतं. ग्राउंडच्या फाटकावर तुमचा फ्लेक्स दिसला तेव्हा कळलं. फोटो अगदी शेवटच्या काळातला, गाल बसलेले, कपाळावर गंध, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'खेळाडू घडवणारे हात'. ते वाचून मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. दहाव्याला मी रामकुंडावर आलो होतो, लांबच उभा राहिलो आणि कोणाशी न बोलता निघून गेलो. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते राहिलंच होतं. आज मैदानात जे झालं त्यानंतर ते पोटात ठेवणं जमेना, म्हणून लिहायला बसलो आहे.

आपली फायनल झाली तेच हे मैदान. गवत नावाला, बाकी सगळा फुफाटा, त्यावर फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेषा. पाहुण्यांसाठी मांडव आणि सोफे, आमच्यासाठी उन्हात तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्या. एका टीमचा गोलकीपर कंपनीतली शिफ्ट करून थेट आलेला, झाडामागे जाऊन कपडे बदलत होता. आमच्या मागे चार पोरं चुरमुऱ्यांच्या भत्त्याचे पुडे घेऊन बसली होती आणि खेळणाऱ्यांपेक्षा तीच जास्त दमत होती. "ए भो, पास दे ना! एकटाच खातो का सगळं?" असं चाललं होतं त्यांचं. माझी मुलगी मात्र शांत बसून बघत होती. सोळा वर्षांची आहे, क्लबात खेळते, आणि माझ्यापेक्षा तिला खेळ जास्त कळतो. मला म्हणाली, "तो डावीकडचा बॅक सारखा वर येतोय बघा. त्याच्या मागे सगळं मोकळं आहे, आता तिकडूनच गोल होणार." आणि झालाही. येत्या रविवारी तिची निवासी केंद्रासाठी निवड चाचणी आहे. निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षक, सगळं तिथेच. दोन वर्षं ती पहाटे उठून पळतेय ती त्या एका दिवसासाठी. घरात दुसरा विषय नसतो.

पहिल्या गोलनंतर खेळ थोडा थांबला आणि माइकवरच्या माणसाने संधी साधली. प्रमुख पाहुण्यांचं स्वागत करायचं राहिलं होतं. त्याने घसा साफ केला आणि खड्या आवाजात ते नाव पुकारलं. आणि सर, मी उठून उभा राहिलो.

"पप्पा, कुठे चाललात?" मुलीने विचारलं. मी म्हणालो, "पाय आखडला जरा." तेवढ्यात मांडवात तो उठला, हात जोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोट सुटलंय, केस काळे केलेत. क्रीडा खात्यात साहेब आहे. मी खाली बसलो. इतकी वर्षं झाली, बाप झालो, डोक्याचे केस गेले, तरी त्या नावाला माझे पाय उभे राहतात. हे तुमचं शिक्षण. एवढं पक्कं तर तुम्ही मला दुसरं काहीच शिकवलं नाहीत.

तुम्हाला आठवत नसेल, तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवायचं. मी पेठकडच्या डोंगरातला, सरकारी वसतिगृहात राहणारा, अनवाणी खेळणारा. आमच्याकडची पोरं शाळेत बसायचीच उशिरा, त्यामुळे स्पर्धेच्या नियमात माझं वय बसत नव्हतं. संस्थेच्या सेक्रेटरींचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याचं वय बसत होतं, पण चेंडू आणि त्याचं जमत नव्हतं. त्याला खेळाचं सर्टिफिकेट हवं होतं. तुम्हाला संस्थेत कायम व्हायचं होतं, कारण दर एप्रिलला तुमची नोकरी सुटायची आणि जूनला पुन्हा हात जोडायला लागायचे. मला काय हवं होतं? मला नुसतं खेळायचं होतं. तुम्ही मला शाळेच्या पायऱ्यांवर बसवून म्हणालात, "तू त्याच्या नावावर खेळ. तिघांचंही काम होतंय, कोणाचं नुकसान नाही." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आमच्या गावाकडे कोणी तिघांचं काम एका दमात करून देत नसे.

मग तुम्ही मला घरी राहायला नेलंत. दुसऱ्या शाळांच्या मास्तरांनी नाव विचारलं तर मी गडबडू नये म्हणून तालीम चालायची. मी अंगण झाडत असलो की तुम्ही मागून त्याच्या नावाने हाक मारायचात, आणि मी लगेच वळून 'ओ' म्हणायचं. नाही वळलो की पाठीत धपाटा. एकदा मी स्वयंपाकघरात जेवायला बसलोय, काकू चुलीपाशी भाकरी थापताहेत, वांग्याचं भरीत ताटात पडलेलं. काकू सवयीने माझं खरं नाव घेऊन म्हणतात, "अजून अर्धी घे रे," आणि मी 'हो' म्हणतो. तुम्ही बाहेरून ऐकलेलं असतं. आत येता, माझ्या पुढ्यातलं ताट उचलता आणि कोनाड्यात ठेवता. "ह्या घरात तुझं नाव तेच," तुम्ही म्हणता. "स्पर्धा संपली की तुझं नाव घेऊन जा परत." काकू मान खाली घालून भाकरी उलटतात. मी हात धुऊन उठलो. आमच्या घरी खायला कमी असायचं, पण पुढ्यातलं ताट कोणी कधी उचललं नव्हतं.

फायनल इगतपुरीच्या पोरांशी होती. रेल्वेच्या वसाहतीतली पोरं, अंगाने आडवी, खेळात तयार. मला बूट त्याचेच दिलेले, एक नंबर मोठे. उजव्या बुटात कागदाचे बोळे कोंबले तरी पाय आत घसरायचा. धूळ बसावी म्हणून सकाळी टँकर फिरवला होता आणि एका गोलच्या तोंडाशी चिखल झाला होता. पहिला गोल गर्दीत डोक्याला लागून गेला, त्याचं मी काही सांगत नाही. दुसरा मात्र मी मारला. उजव्या पायाचा भरवसा नव्हता म्हणून चेंडू डावीकडे घेतला, गोलकीपर पुढे आला, चिखलात घसरला, आणि मी डाव्या पायाने त्याच्या अंगावरून चेंडू उचलला. सगळं मैदान नाचायला लागलं. त्याच्या नावाने. आयुष्यात माझ्यासाठी लोक ओरडले ते तेवढेच, आणि त्या ओरडण्यात मी नव्हतो. नंतर फोटोच्या वेळी तुम्ही मला शाळेच्या गाडीत नेऊन बसवलंत. तो स्वच्छ जर्सी घालून आला आणि शील्डला हात लावून उभा राहिला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून बघितला. मग तुम्ही माझ्या पायातले बूट काढून घेतलेत, पुसून त्याला दिलेत, आणि मला मिसळ खायला नेलंत. वर दोन पाव जादा. "नावात काय ठेवलंय रे, गोल तर तूच मारलास ना," असं तुम्ही तेव्हा म्हणालात.

नावात काय ठेवलंय ते नंतर कळत गेलं. जूनला तुम्ही कायम झालात. तो खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागला आणि चढत चढत साहेब झाला. मी अंबडच्या एका कंपनीत चिकटलो. नोकरीची मला लाज नाही, संसार तिच्यावरच झालाय. पण मुलगी चेंडूमागे धावायला लागली तेव्हा तिला द्यायला माझ्याकडे त्या दोन गोलांशिवाय काही नव्हतं. ते मी तिला दिले. चिखल, डावा पाय, सगळं. फक्त मी दुसऱ्याच्या नावावर खेळलो हे सांगितलं नाही. जीभच वळली नाही. शाळेत तिला निबंध होता, 'माझे आदर्श', तर तिने त्यात माझा दुसरा गोल लिहिला होता.

आणि आज माइकवाला सांगत होता, "ह्याच मैदानावर, इगतपुरीच्या बलाढ्य संघाविरुद्ध, सरांच्या ह्या लाडक्या शिष्याने दोन गोल केले होते!" मुलीने माझ्याकडे बघितलं. "पप्पा, ही तर तुमची मॅच ना?" मी म्हणालो, "खेळ बघ." ती खेळ बघायला लागली, पण नजर सारखी मांडवाकडे वळत होती.

मध्यंतराला तो पायऱ्यांकडे आला, जुन्या ओळखी काढत, खांद्यावर हात टाकत. माझ्यापाशी थांबला. "अरे, तू! पेठचा ना? सरांच्या घरी कामाला होतास तू." सर, तो मुद्दाम टाकून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्याच्या तोंडावर नुसता आनंद होता. त्याला खरंच तसं आठवतं. मग तो मुलीला गोल सांगायला लागला. टँकरचं पाणी, चिखल, घसरलेला गोलकीपर. "आणि मी डाव्या पायाने असा उचलला बघ," म्हणत त्याने पायऱ्यांवरच पाय उचलून दाखवला. एक शब्द चुकला नाही. तुम्हीच त्याला पढवलं असणार, कोणी विचारलं तर अडायला नको म्हणून, आणि सांगून सांगून आता तो गोल त्याचाच झालाय. माझ्यापेक्षा रंगवून सांगतो. मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "विचार ह्यांना," तो म्हणाला. "होतास ना रे मैदानात?"

रविवारच्या चाचणीच्या समितीवर तो आहे. मला ते ठाऊक होतं. मुलीलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "होतो ना साहेब. काय गोल होता तो!" आणि त्याच दमात म्हणालो, "ही माझी मुलगी. रविवारी ट्रायलला येतेय." तो खूश झाला. "अरे वा, मग घरचीच झाली की! बघू आपण," म्हणत त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. तिने मान हलवली, हसली नाही.

दुसरा हाफ कसा झाला, कोण जिंकलं, मला सांगता येणार नाही. परतताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, "पप्पा, ते गोल त्यांचे होते?"

सिग्नल मोठा होता, सांगायला वेळ भरपूर होता. पण पोरगी माझ्या वळणाची आहे, आणि माझ्यापेक्षा तिची जीभ धारदार. खरं कळलं तर रविवारी ती चेंडूला पाय लावायच्या आधी त्याच्यासमोर उभी राहील आणि सगळ्यांदेखत विचारील. मग कसली निवड आणि कसलं काय. मी म्हणालो, "हो. त्यांचेच."

"मग मला का सांगितलंत तुमचे म्हणून?"

"लहान होतीस. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

घरी पोचलो. ती आईला म्हणाली, "मॅच बरी होती," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बायको मला विचारत होती काय झालं, मी म्हणालो ऊन लागलं असेल. सर, तुमच्या वेळी मी पोर होतो, माझ्याकडून तुम्ही ते गोल काढून घेतलेत. आज मी स्वतःच्या हाताने दिले. लोक म्हणतील, आता तरी तुला सरांची अडचण कळली असेल, त्यांनाही पोट होतं, घर होतं. कळली. मी तुमच्यासारखाच वागलो हेही कळतंय. तरी तुम्हाला माफ करावंसं वाटत नाही. मी निदान माझी स्वतःची वस्तू दिली. तुम्ही एका परक्या पोराची दिलीत, आणि वर त्यालाच शहाणपण शिकवलंत.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहून झालं. तुम्ही समोर असता तर मी आजही 'सर' म्हणून वाकलो असतो. आता एक शेवटचं, जे मी बायकोलाही सांगणार नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मुलीसाठी मागायला हात जोडले, आणि मनातून वर आलं ते हे, की रविवारी तिची निवड होऊ नये. नाही झाली, तर मला तिला खरं सांगता येईल.